तो आवाज त्यांचा नव्हता

भूकंपानंतर जपानमधल्या हिगाशी-कसाईच्या आमच्या इमारतीतली बरीच मराठी कुटुंबं पुण्याला निघून गेली. आम्ही राहिलो. नवऱ्याचं तोयोसुचं ऑफिस चालूच होतं, मुलगी शाळेत रुळली होती, आणि पुन्हा बांधाबांध करायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. घरात बसून हादऱ्यांची वाट बघण्यापेक्षा बरं, म्हणून मी योकोहामाला आरुबाइतो धरलं, म्हणजे अर्धवेळ काम. एका युरोपियन बाईंची नजर अधू झाली होती. त्यांना इंग्रजी वाचून दाखवायचं, चहा करायचा, ओला-सुका कचरा वेगळा करून त्या त्या वारी खाली ठेवायचा. जाताना-येताना गाड्या बदलून जीव मेटाकुटीला यायचा.

बाई ऐंशीच्या पुढच्या, उमराव घराण्यात जन्मलेल्या. तरुणपणी मेजवान्यांना जायचं, नाचायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आपला फोटो बघायचा, एवढंच काम असायचं, असं त्या सांगत. वकिलातीतल्या नवऱ्याबरोबर त्या जपानला आल्या. इथल्या एका मेजवानीत कुणा दिग्दर्शकाने त्यांना सिनेमात काम करता का विचारलं आणि त्या गंमत म्हणून हो म्हणाल्या. पुढे नवऱ्याची बदली झाली, तेव्हा त्या गेल्याच नाहीत. आपली मुलगी तोंडाला रंग फासून पोट भरते, हे माहेरी कुणाला सोसलं नाही. त्यांनी बाईंचं नाव टाकलं. बाई मात्र वर्षानुवर्षं सिनेमात एकच भूमिका करत राहिल्या: शेवटी बोटीत बसून मायदेशी निघून जाणारी परदेशी स्त्री.

आता माहेरचा एक भाचा तेवढा उरला होता. भूकंपानंतर तो सारखा फोन करायचा. इकडे या, तुमची खोली तयार आहे, म्हणायचा. बाई हो हो म्हणून फोन ठेवायच्या. जात का नाही, असं मी एकदा विचारलं.

"तिथे गेले की पुन्हा ताठ बसावं लागेल," त्या म्हणाल्या. "आता पाठ दुखते."

त्या शरद ऋतूत जवळच्या एका छोट्या थिएटरने त्यांचा जुना सिनेमा लावला आणि त्यांना बोलावलं. त्यांना जायचं नव्हतं, पण नकार देण्याचाही कंटाळा आला. दुपारी मी त्यांना टॅक्सीने घेऊन गेले. पडद्यावर लांब मानेची एक तरुणी आली आणि नाजूक आवाजात अगदी सफाईदार जपानी बोलू लागली. मी कौतुकाने बाईंकडे पाहिलं. त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"तो आवाज माझा नाही."

त्या काळी त्यांचं जपानी मोडकंतोडकं होतं. म्हणून त्यांचं सगळं बोलणं स्टुडिओत एका जपानी नटीकडून म्हणून घेत. ती कोण, हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. दोघींची भेट कधी झालीच नाही.

सिनेमा संपल्यावर सूत्रसंचालकाने त्यांना पुढे नेलं आणि सिनेमातलं एखादं वाक्य म्हणून दाखवायची विनंती केली. लोक मोबाईल उंचावून थांबले. बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, थकल्या, आता खाली बसतील. मग त्या घोगऱ्या आवाजात, जपानीत म्हणाल्या, "यातलं एकही वाक्य मी बोललेले नाही. जी बोलली, तिचं नाव पडद्यावरच्या नामावलीतसुद्धा नाही. टाळ्या वाजवायच्या तर तिच्यासाठी वाजवा."

पाठीमागून कुणीतरी सुरुवात केली आणि टाळ्या खूप वेळ चालल्या. बाई त्या संपायची वाट बघत काठीवर रेलून उभ्या होत्या. परतताना टॅक्सीत मी म्हटलं, बरं बोललात. त्या म्हणाल्या, फार उशीर झाला, ती बहुतेक गेलीही असेल. एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.

हिवाळ्यात त्या घरात पडल्या आणि नंतर वृद्धाश्रमात गेल्या. भाचा येऊन भेटून गेला, पण त्याच्याबरोबर जायला त्यांनी नकार दिला. मी अधूनमधून जायची. वाचायला घेतलं की त्या हात हलवून नको म्हणायच्या, म्हणून मी नुसतीच शेजारी बसायची. वसंतात त्या गेल्या. नवरा म्हणाला, आता जवळपासचं काम बघ. मी हो म्हटलं, पण बरेच दिवस कुठे चौकशीच केली नाही.