खुंटीवरचा दोर

डहाणूच्या दवाखान्यात ब्लडप्रेशर तपासायच्या रांगेत ती माझ्यापुढे होती. साठीची, वरोरची मासळीवाली, मांडीवर चुंबळ घेऊन बसलेली.

"गेल्या वर्षी डॉक्टरीणबाई बोलल्या, पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं, रक्तवाहिन्या कडक होतात," तिने मला सांगितलं. "मुलाने घाबरून घरीच बसवलं. मग एकदा खुंटीवरचा दोर बघितला. समुद्रात जातो तो नरम असतो, टांगून ठेवलेला काठीसारखा होतो. दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन चालत निघाले. प्रेशरची गोळी मात्र चुकवली नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला पट्टा दोनदा बांधून बघितला. "आता बरोबर आहे. गोळी चालूच ठेवा."

बाहेर पाटी उचलायला तिने मला हात लावायला सांगितलं. पाटी तिच्या डोक्यावर चढली आणि ती ताठ मानेने निघाली. धाप लागली ती मला, तिच्याहून दहा वर्षांनी लहान असून.