घासून लख्ख केलेले इंजेक्टर

दयाराम हेडाऊंनी ताट पुढं केलं तेव्हा त्यांचा चेहरा असा काही फुलला होता, की वसुंधराच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

"पाह्य व वसू, कशे चांदीवाणी चमकून राहिले!"

ताटात धर्मेंद्र नावाच्या गिऱ्हाइकाच्या गाडीचे, इंजिनात डिझेल फवारणारे चार इंजेक्टर होते. वर हळद, कुंकू, एकेक झेंडूचं फूल.

विश्वकर्मा पूजेचा दिवस. भिलाईच्या सुपेल्यात पंक्चरवाल्यानंसुद्धा आपला पंप धुऊन त्याला हार घातलेला. वसुंधरा बुंदी आणि नारळ आणायला गेली, तेवढ्यात सासऱ्यानं, दयारामांनी, तिचं अख्खं वर्कशॉप घासून काढलं होतं. पाने, जॅक, व्हाइस, सगळं. शेवटी त्यांची नजर तिनं गाडीतून काढून फडक्यावर मांडलेल्या इंजेक्टरांकडे गेली. काजळीनं काळे ठिक्कर पडलेले. देवापुढं असे ठेवायचे? तारेचा ब्रश घेतला आणि बसले.

वसुंधरानं एक इंजेक्टर उचलून उजेडात धरला. डोकं गुळगुळीत. दुसरा, तिसरा, चौथा, तसेच.

त्या डोक्यावर बारीक अक्षरांत एक कोड कोरलेला असतो. दिसायला चारही इंजेक्टर जुळे भाऊ, पण कुणी कणभर डिझेल जास्त सोडतो, कुणी कणभर कमी. कंपनी ते मोजते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर लिहून टाकते. गाडीच्या कंप्युटरला ते कोड सांगावे लागतात: पहिल्या सिलिंडरवर हा बसलाय, दुसऱ्यावर तो. मग तो ज्याला त्याला हिशोबानं हुकूम सोडतो. जुन्या गाड्यांचं हे काम करायला वसुंधरा नागपूरला भावाकडे राहून शिकून आली होती, आणि दुर्गपासून गाड्या तिच्याकडे यायच्या. कोड कंप्युटरात आहेतच, इंजेक्टर फडक्यावर ओळीनं मांडलेत, म्हणून तिनं वेगळी खूण केली नव्हती. आता कंप्युटरात कोड होते, पण ओळ मोडली होती आणि कोणता कुणाचा, हे सांगणारं काही उरलं नव्हतं.

"काउन व, चूप काउन झाली? आवडले नाई?"

"आवडले ना मामाजी. लई चमकवले."

तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. सासूबाई रुक्माबाई गेल्यावर हा माणूस बोरसीच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जेव म्हटलं तर जेवायचा, नाहीतर नाही. तिचा नवरा प्रशांत कुम्हारीला कारखान्यात पाळ्या करणारा, त्याला बापाशी बोलायला सवड नाही आणि शब्दही नाहीत. एक दिवस वसुंधराच म्हणाली, "मामाजी, एक नट सुटून नाई राहिला, चाला ना." स्टील प्लांटच्या लोको शेडमध्ये रेल्वेची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म काढलेला हात. नट सुटला, आणि मामाजीही सुटले. दुसऱ्या दिवशी तिच्याआधी आंघोळ करून दारात उभे. आता त्यांना 'तुम्ही चुकलात' म्हणायचं, आणि तेही प्रसादाला जमलेल्या माणसांसमोर?

"भाभी, कल सुबह गाड़ी मिल जाएगी ना?" बुंदी खात धर्मेंद्रनं विचारलं. टुरिस्ट गाडीचा मालकही तोच, ड्रायव्हरही तोच.

"मिलेगी."

पूजेच्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दयारामांनीच इंजेक्टर बसवले, नट कसले. वसुंधरानं चावी फिरवली. इंजिन लागलं आणि तापानं हुडहुडी भरलेल्या माणसासारखं थरथरू लागलं. मागून काळा धूर.

"बंद कर, बंद कर! मी तर बरोबर कसले बाप्पा."

"तुमचे नट बरोबर हायेत, मामाजी."

तेवढ्यात धर्मेंद्र आलाच. "का होगे भाभी? छोड़ के गया था तब तो इससे अच्छी चल रही थी!"

"कंप्यूटर थोड़ा नखरा कर रहा है."

"तो बोलो ना! रायपुर से दूसरा कंप्यूटर मंगवा लेता हूँ." त्यानं लगेच फोन कानाला लावला.

चांगला कंप्युटर काढून माणूस दुसरा विकत आणणार, वसुंधराच्या एका खोट्यापायी.

"रुको. कंप्यूटर ठीक है. इंजेक्टर के कोड मिट गए हैं, कौन सा किसका, समझ नहीं रहा. गलती मेरी है, मैंने निशान नहीं लगाया."

"मिट कैसे गए?"

ती फडक्याला हात पुसू लागली.

दयारामांनी पाना खाली ठेवला. "कोणते कोड, वसू?" मग त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले. "ते डोक्शावर खरवडल्यावाणी होतं, ते? मले वाटलं जंग हाय." ते धर्मेंद्रकडे वळले. "मैंने घिसा, भाई. बहू ने नहीं."

"वाह बाबूजी! पूरे भिलाई में पूजा करने को मेरा ही इंजेक्टर मिला?"

शेजारचे दोघे-तिघे खोखो हसले. धर्मेंद्रही हसला, मग हसू आवरून म्हणाला, "अब आप घर में आराम करो. भाभी का धंधा मत बिठाओ."

दयाराम बारीक आवाजात वसुंधराला म्हणाले, "आमच्या लोकोत कोणताबी कुठंबी लावा, चालत होता."

"मालूम आहे मामाजी. हे वेगळं असते."

"मंग खोलू का? एकेक बदलून पाहू." त्यांनी पाना पुन्हा उचलला, जरा घाईनंच.

"खोलायचं काम नाई. इंजेक्टर जिथं हायेत तिथंच राहू द्या. मी कंप्युटरातच कोड फिरवून पाहते."

ती गाडीच्या कंप्युटरला जोडलेला स्कॅनर मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली. पहिल्याचा कोड तिसऱ्याला, तिसऱ्याचा पहिल्याला. इंजिन चालू, कंप्युटर प्रत्येक सिलिंडरचं डिझेल किती वाढवतोय, किती छाटतोय, ते आकडे पाहायचे, इंजिन बंद. पुन्हा अदलाबदल. दयाराम उघड्या बॉनेटपाशी पाना धरून उभे. त्यांना करायला काहीच नव्हतं. शेवटी त्यांनी मोठा स्क्रूड्रायव्हर शोधला, टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. लोको शेडमध्ये ऐकायचे तसं.

"दुसरा ठोकून राहिला!" ते ओरडले. "वसू, दुसरा!"

स्कॅनरवर दुसऱ्याचा आकडा जवळजवळ शून्य होता, म्हणजे तो ठीक होता. बिघाड चौथ्यात होता.

बॉनेटच्या फटीतून त्यांचा चेहरा दिसत होता, काल ताट पुढं करतानाचा तोच फुललेला चेहरा.

"हाव मामाजी, दुसराच! बरोबर पकडला तुमी."

आणि तिनं चौथ्याचा कोड बदलला. थरथर बरीच कमी झाली. दयाराम खिडकीशी आले, स्कॅनरवर वाकले. आकडे मोठे होते, उजेड भरपूर होता.

"चौथा दिसून राहिला इथं."

"नाई, म्हणजे... दोन्ही थोडे थोडे..."

"खोटं काउन बोलतेस व? मले वाचता येते."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"मामाजी, मी बस..."

"घासले म्हणून तू मले चार शिव्या दिल्या असत्या ना, तर मी खाल्ल्या असत्या. पण लेकराले खेळण्यातली गाडी देतेत, तसं नको करू माह्यासंगं."

अजून दोनदा कोड इकडचे तिकडे झाले, तेव्हा कुठं इंजिन एका लयीत आलं. धूर थांबला. धर्मेंद्रनं एक चक्कर मारली, खूश होऊन "भाभी, मान गए!" म्हणाला आणि गेला. तिनं मागं वळून पाहिलं, तर दयाराम पाने एकेक करून खिळ्यांना टांगत होते.

घरी जाताना ती स्कूटरवर मागं बसलेल्या दयारामांना म्हणाली, "चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी दयाराम नेहमीसारखे आंघोळ करून दारात उभे होते. तिला हायसं वाटलं. सुपेल्याला ते स्कूटरवरून उतरले, तिला शटर वर करू लागले, आणि आत न येता बाहेर गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बाकावर जाऊन बसले.

"मामाजी, चाला ना. मोहन नगरची गाडी खोलायची हाय."

"खोल तू. मी बसतो."

एक गिऱ्हाईक आलं, बाकावर टेकलं. "अंकल, आपकी कौन सी गाड़ी है?"

"मेरी कोई नहीं. मैं साथ में आया हूँ."

वसुंधरानं पाना लावला. पाइपाचा नट गंजून बसलेला. तिनं जोर लावला, पाना सटकला आणि बोटांची सालपटं निघाली. बाकावरून ते पाहत होते. गुडघ्यावरचे त्यांचे हात क्षणभर वळले, जणू पाना धरला आहे. मग त्यांनी मान फिरवून रस्त्याकडे पाहिलं.

तिनं बोटं ओढणीला पुसली आणि पाना पुन्हा लावला.