पन्नास फुटांवरचं पाणी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे कुणी दात काढले तर मी गोष्ट तिथंच थांबवीन आणि चहाचा कपही परत घेईन. मी कशी आहे ते चौसाळ्यात कुणालाही विचारा. बोलायला फटकळ, शाळा चौथीपर्यंत, पण आजवर मला कुणी येड्यात काढलेलं नाही. जे काढलं ते माझं मीच काढलं.

तर झालं असं. गावाबाहेर आमचं रान आहे. त्यात मी सीताफळाची रोपं लावलेली. हौस माझी, म्हणून पाण्याची जबाबदारीही माझी. उन्हाळा तोंडावर आला, विहीर पार कोरडी पडली, आणि ठरलं की बोर घ्यायचा. एकच. तो कोरडा गेला की बाग गेली.

पण घ्यायचा कुठं?

आमच्या शेजारी नामदेव भावजींचं रान. माझ्या मालकांचे ते चुलतभाऊ. ते पाणी बघतात. तळहातावर नारळ आडवा धरायचा आणि रानात फिरायचं, नारळ उभा राहिला की खाली पाणी. आता गंमत बघा. आमच्या रानात भावजींचा नारळ दर वेळी एकाच कोपऱ्यात उभा राहायचा, आणि तो कोपरा त्यांच्या स्वतःच्या बोरपासून सगळ्यात लांबचा.

"भावजी, नारळ लई हुशार हाय तुमचा," मी म्हटलं. "धन्याचं हित बघतो."

"वैनी, नारळाला कुठं अक्कल असती?"

"त्याला नसंल. धरणाऱ्याला हाय."

आमचे मालक यात पडत नाहीत. ते अशा वेळी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहतात.

त्यातच माझी लेक शीतल सुटीला आली. ती अंबाजोगाईला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. कपड्यांची पिशवी लहान आणि वायरींचं गाठोडं मोठं. आल्या आल्या ओट्यावर पसारा मांडला. त्यात एक काळी चिप, गोमेसारखे दोन्ही बाजूंनी पाय असलेली.

"आई, हा मायक्रोकंट्रोलर. याला जे सांगावं तेच हा करतो."

म्हटलं, चला, घरात एक तरी असा निघाला.

काटा काढायच्या चिमट्यानं मी ती चिप धरायची आणि शीतलनं गरम कथलाचा डाग द्यायचा, असं आमचं काम चाललं. घरभर राळेचा धूर. यंत्राला घर पाहिजे म्हणून तिनं माझा मसाल्याचा स्टीलचा डबा घेतला. झाकणाला खिडकी पाडून आकडे दिसायची काच बसवली, आत सेल घातले, बाजूनं सासऱ्यांच्या मोडक्या रेडिओची अँटेना बाहेर काढली. या यंत्राला फ्रीक्वेन्सी काउंटर म्हणतात. डब्याला मात्र धण्यांचा वास येत होता, तो आजही येतो.

"हे करतं काय गं?" मी चुलीपाशी बसूनच विचारलं.

"दिसत न्हाई ते मोजतं. रेडिओचं कसं, हवेतनं येतं पर दिसत न्हाई. ते एका सेकंदात किती वेळा थरथरतं, त्याचा आकडा हितं येतो."

दिसत न्हाई ते मोजतं, एवढं माझ्या डोक्यात शिरलं. पुढचं ऐकणार तोवर दूध उतू गेलं.

परीक्षेसाठी शीतल परत गेली. जाताना बजावलं, "सरांना दाखवायचाय तो डबा. पुढच्या खेपेला नेते. हात लावू नको." आता तुम्हीच सांगा, हात लावू नको म्हटल्यावर माणूस काय करतं?

मी फक्त धूळ पुसायला घेतला. खटका दाबला गेला. हातातलं काम संपवावं म्हणून डबा पाण्याच्या ड्रमवर ठेवला. ड्रम आमच्या लाईटीच्या मीटरखाली असतो. काचेत आकडा आला, पन्नास. उचलून अंगणात नेला, शून्य. परत ड्रमवर ठेवला, पन्नास. पुन्हा अंगणात, शून्य.

दिसत न्हाई ते मोजतं. जमिनीतलं पाणी तरी कुणाला दिसतं?

ड्रममधल्या पाण्याला पन्नास कसे, एवढा विचार करायला मला सवड नव्हती. पदर खोचला आणि डबा घेऊन थेट रान गाठलं.

विहिरीपाशी धरला, शून्य. विहीर कोरडीच होती, म्हणजे डबा खरं बोलतो. रोपांमधून चालले, शून्य. मधल्या पट्ट्यात आले आणि आकडे फडफडायला लागले. एकोणपन्नास, पन्नास. थांबले तर पन्नासच. पुढं गेले, पन्नास. रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारल्यासारखं पन्नास. आमच्याकडं बोर पाताळात जातात हो, आणि इथं पन्नास फुटांवर पाणी! माझ्या रानाखालून नदी चालली होती.

आणि ती नदी कुठं निघाली होती माहीत आहे? बांध ओलांडून थेट भावजींच्या बोरकडं. तरीच नारळ इकडं उभा राहत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांना, भावजींना आणि आसपासच्या रानातल्या बायामाणसांना गोळा केलं. भावजींची मोटार चालू होती, पाईपातून धो धो पाणी पडत होतं. मी डबा वर धरला.

"बघा. पन्नास. आता कुणाचा नारळ काय म्हणतो?"

लोक माना पुढं करून बघत होते आणि तेवढ्यात आकडा शून्य झाला. त्याच घटकेला भावजींचा पाईपही गपकन बंद पडला.

"भावजी, माझं पाणी कावून ओढलं?"

"मी कुठं ओढलं? लाईट गेली, मोटार बंद पडली. आता काय बिडीनं पेटवू तिला?"

"बंद पडता पडता ओढलं असंल."

मालक बैलापाशी पुटपुटले, "अगं, पर लाईट..."

"तुमी गप बसा."

बसले. माणूस किती गुणी असावा, तोही नको तिथंच. थोड्या वेळानं भावजींच्या पाईपानं गुळणी टाकली, पाणी सुरू झालं, आणि माझ्या डब्यात पन्नास.

"बघितलं का? दोघांचं पाणी एकच हाय. त्यांच्या पाईपाला आलं की माझ्या डब्यात येतं."

एक म्हातारी तर डब्याच्या पाया पडली. भावजींनी नारळ गुमान पिशवीत घातला. मी पट्ट्याच्या मधोमध दगड रोवला, हळदीकुंकू वाहिलं, आणि भावजींना ऐकू जाईल असं म्हटलं, "काहींचा नारळ नुसता फिरतो. माझा फुटला."

मग मांजरसुंब्याहून बोरची गाडी बोलावली. गाडीवाला साऊथकडचा. तो उतरला. सगळं गाव माझ्या दगडाकडं बघत होतं. त्यानं दगडाकडं बघितलंच नाही. तो वर बघत होता.

"अम्मा, इधर नहीं होगा."

"कावून न्हाई होणार? पन्नास फुटावर पाणी हाय."

"पानी का मालूम नहीं. गाडी का खंबा खड़ा किया तो मैं मरेगा, तुम भी मरेगा."

त्यानं बोट वर केलं. सगळ्यांनी वर बघितलं. माझ्या दगडाच्या बरोबर डोक्यावर लाईटीच्या तारा. रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बांध ओलांडून थेट भावजींच्या मोटारीकडं. माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथंच आहेत. त्यांच्यावर बसणाऱ्या पाखरांना मी रोज खडे मारते.

मालकांनी शीतलला फोन लावला आणि, त्यांचं भलं होवो, सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आई, पन्नास आलं ना? ती लाईट हाय आपली. लाईट सेकंदाला पन्नास वेळा थरथरती. तार जवळ असली की डबा हवेतनं पकडतो. पर तू हात कावून लावला?"

"म्हणजे डबा बिघडला न्हाई?"

"छे, एकदम बरोबर चालतोय."

डबा बरोबर होता. राहिलं कोण, ते सगळ्यांना कळलं. कुणी हसलं नाही, माझ्या तोंडाला भिऊन. भावजींनी सावकाश पिशवीतून नारळ काढला.

"वैनी, गाडी आलेलीच हाय. रिकामी कशाला धाडायची? त्या कोपऱ्यात तार बी न्हाई."

मी नुसता त्या कोपऱ्याकडं हात केला. गाडी कोपऱ्यात लागली. सुक्या फुफाट्यानं माझी साडी पांढरी झाली, दुपार कलली, मी जागची हलले नाही. बाग गेली असंच धरून चालले होते. आणि मग धूळ ओली झाली, चिखल उडाला, मागून पाण्याचा फवारा. भावजी नाचले, मालक बैलाला सोडून धावत आले. माझे डोळे धुळीनं भरले होते, एवढंच सांगते.

सरांना दाखवून झाल्यावर शीतलनं डबा मला देऊन टाकला. मसाल्याच्या कामाचा तो राहिला नव्हता, म्हणून रानातल्या खोपीत ठेवला.

परवा सीताफळांना पाणी द्यायला गेले तर पाईप कोरडा. पाईप हलवला, मोटारीच्या पेटीला लाथ घातली, बोरला कान लावून ऐकलं. काहीच नाही. मग बांधावर उभी राहून भावजींचा उद्धार केला. शेवटी बोर आटला म्हणून डोक्याला हात लावून बसले.

भावजी आले. भांडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "वैनी, जरा तुमचा डबा आणा."

आणला. तारेखाली धरला.

शून्य.

लाईट गेली होती.