दिवा विझवायचं बटण

चहा ओतून विसरायचा. आठवण झाली की थंडच पिऊन टाकायचा. चपला दारात बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवायचा, धावत निघावं लागलं तर वळायला नको म्हणून. फोनवर कुणाशीही बोलताना एक कान आतल्या खोलीकडे. खोकला नुसता ऐकून सांगायचा, पाणी हवंय की कूस बदलायचीय. खुर्चीवर कधी टेकून बसायचा नाही. टेकलो की डोळा लागतो, म्हणायचा.

दादा आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. दुकानांना, दवाखान्यांना वेबसाइट बनवून द्यायचा. आतल्या खोलीत त्याचे वडील पलंगावर होते. अर्धं अंग लुळं पडलेलं. त्यांचं सगळं दादा आणि त्याची बहीण करायचे. ताई सकाळी कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जायची. ती परत आली की दादा बाजारात जायचा. दोघं एका वेळी जेवायला बसलेली मी क्वचितच पाहिली.

त्याला स्वतःची एक वेबसाइट काढायची होती. लोकांनी येऊन आपसांत बोलावं अशी. पण ती सगळ्यांसाठी नको होती. एकाच तऱ्हेच्या माणसांसाठी हवी होती. कुठल्या तऱ्हेच्या, तिथे गाडं अडलं होतं.

ठरवायची त्याची एक रीत होती. आधी वेबसाइट नाही, आधी चहा. त्या तऱ्हेची चार-पाच माणसं घरी बोलवायची. चहा द्यायचा आणि आपण स्वयंपाकघरात जायचं, दार अर्धवट लोटून. आपल्यामागे ती एकमेकांशी बोलली तर पास.

मी त्याला वेबसाइटींचा मजकूर लिहून द्यायचो, म्हणून दाराआड मीही असायचो.

पक्षी पाळणारे आले. जो तो आपल्याच पोपटाचं कौतुक सांगत राहिला. जुने रेडिओ जमवणारे आले, ते एरियलवरून हातघाईवर आले. शहरात नवीन आलेल्यांकडून दादाला फार आशा होती. त्यांनी चहा संपवला आणि सगळ्यांनी आपापले फोन काढले.

"नापास," दादा कप विसळत म्हणाला.

त्या दिवशी ताईचा संयम संपला. "आता शेवटचं. एकदा काय ते ठरव. नाही जमलं तर ती ऑफिसातली नोकरी चालून आलीय, ती धर. बाबांसाठी बाई ठेवू."

"बाबा बाईच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाहीत."

"तहान लागली की पितील."

दादाने पुढचा कप विसळायला घेतला. नोकरी म्हणजे दिवसभर बाहेर. वेबसाइट गेली आणि बाबाही परक्या हातात गेले.

"आणि गिऱ्हाईक शोधत गावभर कशाला फिरतोस?" ताई म्हणाली. "घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्यांसाठी काढ. आरशात बघ, एक गिऱ्हाईक मिळेल."

"ती माणसं आधीच थकलेली असतात गं. त्यांना बोला म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?"

तरी त्याने बोलावलं. ही माणसं त्याला औषधाच्या दुकानात भेटायची. सगळ्यांच्या पिशवीत तेच सामान, त्यामुळे तोंडओळख होती. सासूचं करणारी एक सून आली. ज्यांच्या बायकोला माणसं ओळखू येईनाशी झाली होती, असे एक निवृत्त गुरुजी आले. भावाला सांभाळणारा एक वॉचमन आला, गणवेशातच. प्रत्येकाने घरी कुणाला तरी तासभर बसवलं होतं.

दादाने चहा दिला. आम्ही आत गेलो.

बाहेर कप ठेवल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही.

"काय रे पंडित, ऐकू येतंय काही?" तो मला पंडित म्हणायचा.

"नाही."

"मग हीपण वाया गेली." तो ओट्याला टेकला. पहिल्यांदाच त्याला कशाला तरी टेकलेलं पाहिलं.

तेवढ्यात ताई कामावरून आली. बाहेरच्या खोलीतून चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात शिरली.

"बोलतायत?" दादाने विचारलं.

"घोरतायत."

आम्ही दारातून पाहिलं. गुरुजींची मान छातीवर. वॉचमनची टोपी खाली पडलेली. सून पदर तोंडावर घेऊन भिंतीला टेकलेली. चहा तसाच.

"नापास," दादा म्हणाला.

"डोकं फिरलंय का तुझं?" ताई कुजबुजली, पण रागाने. "घरी झोप लागते त्यांना? एक कान उघडा ठेवून पडतात नुसते. तू पडतोस तसे. इथे सगळेच तसले. कुणी हाक मारणार नाही, कुणी नावं ठेवणार नाही. म्हणून झोपले."

दादाने बाहेरच्या खोलीत जाऊन हलक्या हाताने प्रत्येकाच्या कपावर बशी पालथी घातली.

जाग आल्यावर तिघंही ओशाळली. जाताना सून म्हणाली, "परत कधी बोलावणार?" असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

वेबसाइट कोणासाठी, ते असं ठरलं.

त्याने ती अगदी साधी ठेवली. फोटो नाहीत, गप्पांची सक्ती नाही. फक्त नाव आणि नावापुढे एक लहानसा दिवा. रात्री आजाऱ्यापाशी जागे असलात की बटण दाबून दिवा लावायचा. आणखी कोण जागं आहे ते दिसतं. बोलायचं तर बोला, नाहीतर नुसते असा. हे वाक्य मी दिलेलं. त्याने ते न बदलता घेतलं.

सून आली, गुरुजी आले, वॉचमनने आपल्या ओळखीचे आणले. ताईने परत नोकरीचं नाव काढलं नाही.

गेल्या महिन्यात, दुपारी, बाबांना कुशीवर वळवून दादा शेजारच्या खुर्चीत बसला. टेकून बसला. ताई आली तेव्हा तसाच होता. हृदय, डॉक्टर म्हणाले.

आम्ही सगळे बाबांच्या बातमीची तयारी करून होतो. त्या चपला त्यासाठीच बाहेर तोंड करून असायच्या. मला अजून काही सुचत नाही. जिन्यात पावलं वाजली की वाटतं, दादा बाजारात निघाला.

आता बाबांसाठी बाई येते. तिच्या हातचं पाणी ते पितात.

वेबसाइट चालू आहे. दिवा लावायचं बटण झालं होतं, विझवायचं व्हायचं होतं. "आधी लोकांना लावू तर दे," तो म्हणायचा. तोवर रोज सकाळी बाबांचं तोंड धुऊन झालं की स्वतः बसून एकेकाचा दिवा विझवायचा. कसा, ते आम्हाला कुणालाच माहीत नाही.

काल गुरुजी जिन्यात भेटले. म्हणाले, "अरे, माझा दिवा बंदच होत नाही. बायको जाऊन आठवडा झाला."

मी वर जाऊन दादाच्या कॉम्प्युटरवर पाहिलं. सगळे दिवे लागलेले आहेत, दिवसाढवळ्या. दादाचाही. पानाच्या तळाशी, कोपऱ्यात त्याने एक बटण आखून ठेवलंय. त्यावर 'आता पडतो जरा' असं लिहिलंय. दाबलं तर काही होत नाही.