चुकून झालं म्हणायचं

सतरा वर्षांची असताना मी जिवावर उठले होते, स्वतःच्याच. वाचले. शुद्धीवर आले तेव्हा मायनं कानाशी वाकून पहिलं काय सांगावं? "कुणी इचारलं तर चुकून झालं म्हणायचं. इतकंच."

आम्ही पूर्णेचे. दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत खलाशी. विद्यापीठाच्या नामांतरासाठी पेटलेली ती वर्षं. खाकी कपडा दिसला की आमच्या बौद्धांच्या वस्तीत पटापट दारं लागायची. त्यात जीव द्यायला जाणं हा तेव्हा गुन्हा. पोरीला चौकीत नेतील, ह्या धास्तीनं घरातले सगळे एकच बोलायला लागले. खरं काय ते कुणी मला विचारलंच नाही.

मग घराला भूत लागलं, आणि ते भूत मीच. मी आत आले की बोलणी बंद. मोरीत जरा वेळ झाला की बाहेर मायच्या बांगड्या वाजायच्या. सकाळी डोळे उघडायच्या आत तिचा तळवा माझ्या नाकाशी. मला वाटायचं, अब्रूची लय काळजी हिला, म्हणून पहारा देती! अंगाचा तिळपापड व्हायचा. शेजारीण म्हणाली, बाहेरचं काही असंल, उतारा करा. दादा उखडले, "आमच्या घरात ते चालत न्हाई. दवाखान्यात न्यायचं."

परभणीच्या सरकारी दवाखान्यात मनाचा डॉक्टर महिन्यातून एकदा यायचा. खोलीबाहेर माणसं तोंडं झाकून बसलेली. ओळखीचं कुणी बघितलं तर पोरीला येडी म्हणतील, ही भीती.

डॉक्टर मला विचारत होते आणि उत्तर माय देत होती. आमच्याकडची रीतच ती. तरण्या पोरीनं साहेबापुढं तोंड उघडायचं कशाला?

"जेवते का?"

"जेवती की."

"काय झालं होतं?"

"चुकून झालं, साहेब."

आता गोळ्या लिहून देतील आणि मोकळे होतील. आज बोलले नाही तर परत इथं मला कोण आणणार होतं? आत ते मरण तसंच होतं, उठता-बसता बोलवत होतं.

डॉक्टरांनी पेन ठेवला आणि ते मायकडे वळले. "आई, तुम्हाला झोप लागते का?"

ह्याचं उत्तर तिच्याजवळ तयार नव्हतं. तिनं एकदम हंबरडाच फोडला. "कशी लागंल, साहेब? मी डोळा लावला अन् हिनं परत तसंच केलं तर? पोलिसात द्यायचं तर मला द्या. पन लेकरू वाचवा माझं!"

अगं माय गं! इतके दिवस मी हिच्यावर दातओठ खात होते.

"इथं पोलीस नाहीत," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "पुन्हा तसं वाटतं का?"

मी मायकडे बघितलं. तिनं पदर तोंडात धरला होता.

"वाटतं," मी म्हणाले. "रोज वाटतं."

डॉक्टर उठून दाराशी गेले आणि बाहेरच्या माणसांना म्हणाले, "बसा जरा. आज वेळ लागेल."