बाबांनी माझे अठरा मग फोडले

आज सकाळी मी माझ्या बाबांचं कपाळ फोडलं. माझ्याच हातानं बनवलेल्या मगनं.

तुम्ही सगळे मला लग्नाचे अल्बम डिझाईन करणारी म्हणून ओळखता. ते काम आता लोक मोबाईलवरच करून घेतात, म्हणून वर्षभरापासून त्यासोबत मातीची भांडी बनवून राहिली आहे. उद्या माझं पहिलं प्रदर्शन. काल जवळच्या हथखोजच्या भट्टीतून तीस मग भाजून आणले होते.

सकाळी फोडाफोडीच्या आवाजानं मी अंगणात धावली. बाबा स्टील प्लांटमध्ये लोखंड वितळवायच्या भट्टीला आतून विटा लावायचे, आता रिटायर आहेत. ते एकेक मग बोटानं वाजवून पाहत होते. टण्ण वाजला की बाजूला, बद्द वाजला की हातोडी. अठरा मगांचा चुरा.

"बाबा, पागल झाले का तुम्ही?"

"कावून ओरडून राहिली? तडा होता त्याईले. तडकलेली वीट ठेवली तर कोणी ना कोणी लावूनच देते. मंग माणूस जळते."

"हे चहाचे मग आहेत!"

"चहा का थंडा असते?"

मी समोरचा एक मग उचलला आणि बाबांना फेकून मारला. रक्त भुवईवरून बनियनवर उतरलं.

एका हातानं कपाळ दाबून बाबांनी पडलेला मग उचलला, वाजवला.

"हा पक्का आहे," म्हणाले, आणि चांगल्यांच्या रांगेत ठेवला.

तीन टाके पडले. माझ्या तोंडून अजून सॉरी निघालं नाही.

सांगा, तो मग उद्या विकायला ठेवू?