टेपकाकू, त्यांचा जावई आणि भिंतीवरची ओळ

आमच्या फुटबॉल क्लबच्या अध्यक्षबाईंना ऑफसाइड म्हणजे काय ते आजतागायत कळलेलं नाही. ही चुगली नव्हे. त्या स्वतःच तसं सांगतात, तेही भर सामन्यात, पंचाला. सगळे त्यांना टेपकाकू म्हणतात, कारण शिवणाचा टेप त्यांच्या गळ्यातून कधी उतरत नाही.

त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. आत शिलाईमशीन, आरसा, इस्त्रीचं टेबल आणि एक स्टूल. काकूंना चौकशीचं व्यसन आहे. माप घेताना छातीभोवती टेप आवळतात आणि हळूच विचारतात, "हं, मग भावाशी बोलणं सुरू झालं का?" टेपात सापडलेल्या माणसाला हलता येत नाही, आणि इतक्या जवळून खोटंही बोलवत नाही. साहेबलोकांना घेराव घालून घालून आम्हा युनियनवाल्यांचे घसे बसले. काकू तेच काम एका फितीवर करतात.

क्लब काढला त्यांच्या नवऱ्याने. तो रंगारी होता. सायकलच्या दुकानावरच्या आमच्या खोलीत त्याने भिंतीवर निळ्या रंगात एक ओळ लिहून ठेवली: 'सरावाला येईल तो सामन्याला उतरेल.' तो गेला आणि अध्यक्षपद काकूंकडे आलं. जर्सी त्याच शिवत होत्या, भांडणंही त्याच मिटवत होत्या, मग दुसरं कोण होणार? ती ओळ मात्र आम्ही जिवापाड जपली. तिकडे मोठ्या क्लबांत पैशाने खेळाडू विकत घेतात, इकडे घाम गाळणाऱ्याला मान आहे, असं मी कितीतरी सभांत टेबलावर मूठ आपटून सांगितलंय.

यंदा मात्र क्लब हरतच सुटला. पार तळाला पोचलो. असेच तळाला राहिलो तर खालच्या गटात जाणार होतो. मॅनेजर म्हणजे काकूंचा जावई. लिफ्ट दुरुस्त करतो, आणि लिफ्टइतकंच बोलतो. घरी जावयाचा मान असेल, पण हरणाऱ्या संघाचा मॅनेजर म्हणजे दुकानाबाहेर मांडलेलं मडकं. येणारा-जाणारा टिचकी मारून बघणार. "काढा त्याला!" ही ओरड नाक्यानाक्यावर सुरू झाली. सगळ्यांत मोठा आवाज आमच्या गोलरक्षकाचा, म्हणजे बेकरीवाल्याचा. "सासूच्या पदराआड किती दिवस लपणार?" असं तो गिऱ्हाइकाला पाव देता देता विचारायचा.

सभा ठरली. मतं समसमान पडणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तसं झालं की आमच्याकडे अध्यक्षांचं मत निर्णायक. म्हणजे सासूनेच जावयाला ठेवायचं किंवा काढायचं.

सभेच्या आदल्या दिवशी मी मोर्चाच्या फलकाला काठ शिवून घ्यायला काकूंकडे गेलो होतो. लेक दारात उभी.

"आई, त्याला काढलंस तर तो या घराची पायरी चढणार नाही. आणि ठेवलंस तर लोक म्हणतील, घरचा म्हणून ठेवला."

"मग करू काय मी?"

"ते मला नको विचारूस. अध्यक्ष तू आहेस." आणि ती गेलीसुद्धा.

थोड्या वेळाने जावई आला. मशीनची मोटर अडली होती, ती खोलून बसला. काकूंनी बराच वेळ दम धरला. पण स्वभावाला औषध नाही.

"काय हो, एक विचारू?"

"विचारा ना आई."

"तो ट्रकवाला. वर्षात एकदा माणूस कमी पडला म्हणून उतरला आणि गोल मारून गेला. त्याला बसवून का ठेवता?"

"गाडी घेऊन बाहेरगावी असतो. सरावाला येत नाही."

"आणि बेकरीवाला? त्याच्या हातून तर बॉल भट्टीतल्या गरम पावासारखा सुटतो."

"तो रोज येतो."

काकूंची कात्री कापडातच थांबली. "म्हणजे संघ तुम्ही निवडतच नाही?"

"भिंत निवडते," तो मोटरकडे बघत म्हणाला. "बाबांची ओळ आहे. ती मोडू का, असं तुम्हाला कुठल्या तोंडाने विचारू?"

माझं डोकं सटकलं. "अरे, मग लोक शिव्या घालतात तेव्हा बोलत का नाहीस? तोंडात काय स्क्रू धरलेत?"

त्याने ओठांतून दोन स्क्रू काढून टेबलावर ठेवले. "हो," म्हणाला.

मला वाटलं, आता काकू रडतील. त्या नुसत्या बघत राहिल्या, एखादं कोडं सुटल्यासारख्या. मग म्हणाल्या, "उद्या सभेला वेळेवर या. कपडे नीट घाला."

सभेत खोली गच्च भरली. बेकरीवाल्याने भाषण ठोकलं. हात वर झाले, मोजले, समसमान. सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या.

"मला आधी एक सांगा," काकू म्हणाल्या. "नवा मॅनेजर आणलाच, तर तो संघ कसा निवडणार?"

"भिंतीवर लिहिलंय की!" बेकरीवाला.

"म्हणजे पुन्हा हेच अकरा?"

बेकरीवाला भिंतीवरची ओळ पुन्हा वाचू लागला.

"त्या ओळीचं खरं सांगू का? क्लब काढला तेव्हा दहाच जण यायचे. अकरावा काही मिळेना. म्हणून आमच्या ह्यांनी आमिष लावलं, बाबा रे, सरावाला तरी ये, म्हणजे खेळायला मिळेल. मासा लागावा म्हणून गळाला लावलेलं गांडूळ आहे ते. आणि तुम्ही त्याला देव्हाऱ्यात बसवलंय!"

मी ताडकन उठलो. "काकू, ते तत्त्व आहे आपलं!"

"तत्त्व तुझं रे. आमच्या घरात तेव्हा अडचण होती."

हशा झाला. मी बसलो. राग अजून पुरता गेलेला नाही.

"आता तुम्ही चांगले तीस-चाळीस जण आहात," काकू पुढे म्हणाल्या. "ओळ आमच्या घरातून आली होती, मी घरी परत नेते. पुढच्या सामन्याला हा त्याच्या मनाने संघ उतरवेल. मग मी मत देईन. तेव्हा नातं बघितलं तर मला या खुर्चीवरून खाली ओढा."

"मग गोलमध्ये कोण?" बेकरीवाल्याने विचारलं. त्याच्याकडे कुणीच बघितलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं असावं. हळूहळू काकूंच्या बाजूने हात वर झाले. सगळ्यांत शेवटी त्याचाही. "पण मी सरावाला येतच राहणार, सांगून ठेवतो!" असं त्याने धमकी दिल्यासारखं बजावलं.

आणि खरंच येत राहिला. दुसऱ्या दिवशीही मैदानावर पहिला तोच. आमिष काढून घेतलं तरी मासा जागचा हलेना. याचं मला अजून नवल वाटतं.

सामन्यात गोलमध्ये पोस्टमन होता, पुढे ट्रकवाला. पूर्वार्धात आम्ही बरोबरीत होतो, आणि चक्क खेळत होतो. मग जावयाला वाटलं, ट्रकवाला दमलाय. त्याला बाहेर घेतलं आणि सगळी पुढची फळीच ढेपाळली. एका गोलने हरलो.

संध्याकाळी तो जिन्याखालच्या खोलीत आला. मी फलक घ्यायला आलो होतो, म्हणजे निमित्त फलकाचं होतं.

"सांगा आई. काढता?"

"उभे राहा." काकूंनी त्याच्या छातीभोवती टेप टाकला आणि आवळला. "कुणामुळे हरलो?"

"माझ्यामुळे. ट्रकवाल्याला काढायला नको होतं."

"भिंतीमुळे नाही?"

"नाही."

"बेकरीवाल्यामुळे?"

"तो बाकावर होता, आई."

काकूंनी टेप सैल सोडला. "मग राहा. हा तुमचा पहिलाच पराभव. आधीचे सगळे आमचे. एका पराभवावर कुणी माणूस काढतं का?"

तो जरा घुटमळला. "लोक म्हणतील, घरचा म्हणून ठेवला."

"म्हणू देत," काकू टेप गुंडाळत म्हणाल्या. "माप द्यायला सगळे इथेच येतात."